वासाची पेरणी

"उचला रे दोर, खाली कोणाचा घर,
वाळूचा अंथरूण, आभाळाचा छप्पर..."

बाबी तांडेलाचा आवाज आधी कानात शिरत नसे, आधी पायांत शिरे. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, ओला दोर खांद्यावर घेऊन तीस-चाळीस माणसं पुळणीवरून चालायची, आणि त्यांच्या दहा पावलं पुढे तो कमरेत वाकून, वाळू वाचत वाचत जायचा. मध्येच थबकून सूर धरायचा. सूर लागला की मागचा प्रत्येक जण दोर डोक्यावर उचलायचा, पाऊल हातभर बाजूला टाकायचा. सात वर्षांची शालन बापाच्या मागे पळत जाऊन बघायची, तर तिथे काहीच नसे. पुन्हा बघितलं की वाळूतल्या वाळूत तीन अंडी उगवायची, ठिपक्याठिपक्यांची, लिंबाहून लहान.

त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली होती. बाबी तांडेल गेला, रापण वर्षातून दोनदा लागली तर लागे, आणि तारवेळची पुळणच निम्मी उरली होती. समुद्र चाळीस हात आत सरकला होता. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळ्यांनाच राहायचं होतं. सुकट वाळवणाऱ्या बायका, पाहुण्यांचे तंबू, पाहुण्यांचे पट्टेवाले कुत्रे, गावचे बिनपट्ट्याचे अकरा कुत्रे, आणि धावकी.

पुस्तकात त्या पाखराला चिखल्या म्हणतात. तारवेळात धावकी. मुठीत मावेल एवढी, वाळूच्याच रंगाची. पळायला लागली की पाय दिसत नाहीत, वाऱ्याने शिंपला घरंगळत न्यावा तशी दिसते. घरटं म्हणून काही बांधत नाही. छातीने वाळूत एक वाटी कोरते आणि तिच्यात अंडी ठेवते. तिची सगळी तटबंदी म्हणजे एवढंच, की ती दिसत नाही. माणसाच्या पायाला दिसत नाही, कावळ्याच्या डोळ्यालाही चटकन दिसत नाही. कुत्र्याला मात्र दिसायची गरज नसते.

शालन मेतर बाजारात सुकट विकायची. नवरा गेल्यापासून घराची पडवी तिने भाड्याने दिली होती, आणि तीन वर्षांपूर्वी त्या पडवीत निमिषा वानखडे येऊन राहिली. अकोल्याची मुलगी, पाखरं जपणाऱ्या एका संस्थेने पाठवलेली. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र न बघितलेली. पहिल्याच आठवड्यात पायावरून कुर्ली, म्हणजे खेकडा, गेली म्हणून किंचाळून खाटेवर चढून बसली होती. आणि दुसऱ्या आठवड्यात तिने मोठ्या खोक्यातून जे यंत्र बाहेर काढलं, ते हुबेहूब कुर्लीसारखं होतं. आठ पाय, तिरकी चाल, पाठीवर सूर्याची पाटी. आबा गिरप, रापणीचा म्हातारा म्होरक्या, तेव्हा म्हणाला होता की खऱ्या कुर्लीचं निदान कालवण तरी होतं. यंत्राचं नाव तेव्हापासून गावभर कुर्लीच पडलं.

कुर्लीचं काम पेरणीचं होतं. वासाच्या पेरणीचं.

निमिषाने ते पहिल्या वर्षी चावडीवर समजावून सांगितलं होतं. पाखराच्या शेपटीशी एक तेलाची गाठ असते. पाखरू चोचीने ते तेल पिसांना लावतं. अंड्यांवर बसायचे दिवस आले की हे तेल बदलतं, घट्ट मेणासारखं होतं, म्हणजे वास कमी उडावा. निसर्गाने एवढी काळजी घेतलेली आहे. पण कुत्र्याचं नाक निसर्गालाही पुरून उरतं. तेव्हा वास लपवायचा नाही. उलट तो सगळीकडे टाकायचा. निमिषाच्या संस्थेने एक आंबवण तयार केलं होतं. इडलीचं पीठ फुगवणारे जंतू असतात तसलेच जंतू, पण यांना धावकीच्या पिसांचं मेण तयार करायला शिकवलेलं. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत, म्हणजे अंडी पडायच्या आधी, कुर्ली रोज पहाटे पुळणभर तीनशे थेंब टाकत फिरायची. कुत्रे धावत यायचे, हुंगायचे, उकरायचे; खाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत काही नाही. महिना-दीड महिन्यात कुत्र्याच्या लेखी तो वास म्हणजे समुद्राचा वास, मिठाचा वास, कंटाळ्याचा वास होऊन जायचा. मग खऱ्या धावक्या येऊन खऱ्या अंड्यांवर बसल्या तरी नाक तिकडे वळायचं नाही.

कुंपण नको, काठी नको, कुत्र्यांना बंदी नको. हेच शालनला सर्वांत आवडलं होतं. तिचा स्वतःचा कुत्रा, सुकाणू, शेपटी लहानपणी दाराच्या फटीत सापडून वाकडी झालेला, तिच्या पाटीमागून बाजारापर्यंत यायचा आणि सुकटीच्या राखणीला बसायचा. तो बांधून घातलेला तिला बघवला नसता.

पहिल्या वर्षी नऊ घरटी होती. दुसऱ्या वर्षी तेवीस. यंदा एक्केचाळीस. किनाऱ्यावरच्या आणखी अठरा गावांनी कुर्ल्या मागवल्या. आणि मग होळीनंतरच्या एका आठवड्यात तारवेळची सतरा घरटी फस्त झाली.

घरट्यांपाशी बसवलेल्या कॅमेऱ्यांतली चित्रफीत निमिषाने चावडीवर सगळ्यांना दाखवली. लपवण्यासारखं काही ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुत्रे येत होते, इकडेतिकडे न बघता सरळ रेषेत, ओळखीच्या घरी जावं तसे. धावकी पंख मोडल्याचं सोंग करत लांब लांब लोळत होती. कुत्र्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. सहाव्या चित्रात वाकडी शेपटी दिसली. शालनला सगळ्यांच्या नजरा मानेवर जाणवल्या.

चौथ्या दिवशी किनारा खात्याचे बिडवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कागदासारखा होता, घडी घातली तशीच उघडणारा. खात्याच्या संगणकाने निष्कर्ष काढला होता की भटके कुत्रे शिकत नाहीत, म्हणून एकोणीसही गावांतले बिनपट्ट्याचे कुत्रे उचलून जिल्ह्याच्या निवाऱ्यात न्यायचे. सुरुवात तारवेळपासून, येत्या सोमवारी. पाहुण्यांच्या कुत्र्यांना खात्याचा पास असल्यामुळे ते राहतील.

"आमच्या कुत्र्यांक पास व्हयो तर काय करूचा?" आबा गिरपाने शांतपणे विचारलं. "फोटोक न्हावक लागात काय?"

हशा पिकला, पण बिडवे हसले नाहीत. गावच्या कुत्र्याला मालक लागतो, मालकाला कुंपण लागतं, असं त्यांनी नियम वाचून सांगितलं. निवाऱ्यात काय होतं ते कोणी विचारलं नाही. मागच्या साली शेजारच्या गावातून चौदा कुत्रे गेले होते. त्यातला एकही कोणाला परत दिसला नव्हता.

त्या दुपारी शालन ओट्यावर बांगडे साफ करत बसली होती आणि निमिषा पायरीवर, मांडीवर संगणक घेऊन. दोन दिवस ती जेवली नव्हती. नाक लाल झालं होतं. एकदम म्हणाली, की काकी, माझ्या औषधात खोट नाही, मी सगळं परत तपासलं. खोट पेरणीच्या त्या दीड महिन्यात आहे.

कुर्ली पेरणी करताना आदल्या दिवशीच्या थेंबांभोवतीचे पंजेही मोजून ठेवायची. पहिली दोन वर्षं ते ठसे आठवड्याआठवड्याला कमी होत गेले होते. पाचव्या आठवड्यात कुत्रे थेंबावरून नुसते चालत जात. यंदा उलट झालं होतं. ठसे वाढत गेले होते, आणि दर गुरुवारी सकाळच्या मोजणीत सर्वांत जास्त.

"म्हणजे बुधवारी काहीतरी होतं," निमिषा म्हणाली. "काकी, वास आला, गेलं, काही नाही. वास आला, गेलं, काही नाही. असं झालं की मेंदू तो वास ऐकेनासाच होतो. पण दहा वेळा जाऊन एकदा जरी घास मिळाला ना, तर नाक मरेपर्यंत विसरत नाही. रोज मिळाला तर एकवेळ विसरेल. कधीमधी मिळणारा घास सर्वांत वाईट. त्या थेंबांवर कोणीतरी खाऊ घातलंय. मला वाटतं तंबूवाले. उरलेलं चिकन टाकत असतील."

शालनच्या हातातली सुरी बांगड्याच्या पोटात अडकली ती तिथेच राहिली.

बुधवार तिचा होता.

तारवेळच्या पुळणीला राखणदार आहे. त्याला कोणी पाहिलेलं नाही. बघायची रीतच नाही. जे जपायचं असेल त्याच्या कडेला भात ठेवायचा, कोंबडा परवडत नसेल तर उकडलेलं अंडं ठेवायचं, हात जोडायचे आणि निघायचं. दोन गोष्टी पाळायच्या: ठेवल्यावर मागे वळून बघायचं नाही, आणि राखण दिल्याचं कोणाजवळ बोलायचं नाही. बोललं की राखण उतरते.

गेल्या वर्षी तेवीस घरटी झाली तेव्हा शालनच्या पोटात आनंदाबरोबर भीती शिरली होती. भरल्या घराला दृष्ट लागते. यंदा संक्रांतीनंतरच्या पहिल्या बुधवारी ती तिन्हीसांजेला पदराखाली टोपली घेऊन निघाली. घरटी अजून नव्हतीच. पण कुर्लीने जिथे थेंब टाकले तिथेच पुढे धावकी येणार, एवढं तिला ठाऊक होतं. सात ठिकाणी थेंब हेरून तिने सात राखणी ठेवल्या. भात, वर सोललेलं अंडं. सात बुधवार. शिमग्याला पहिली धावकी बसलेली दिसली तेव्हा तिने थांबवलं, कारण बसल्या पाखराजवळ जाऊ नये हे बापाने शिकवलं होतं. एकदाही तिने मागे वळून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर पहिल्याच बुधवारी कळलं असतं, राखणदार किती पायांचा आहे ते.

"काय झालं, काकी?" निमिषाने विचारलं.

शालन म्हणाली, काटा लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती सुकाणूला काथ्याच्या दोरीने बांधून पुळणीच्या उत्तर टोकाला गेली. तिथे यंदा एकही घरटं नव्हतं. फक्त कुर्लीचे जुने थेंब होते, वाळूखाली अजून जिवंत. शंभर पावलांवरूनच सुकाणूने दोरी ताणली. तिला ओढत नेऊन एका जागी थांबला, एकदा हुंगलं, आणि उकरलं नाही. बसला. पानासमोर पंगतीत माणूस बसतो तसा, पाठ ताठ करून. वाकड्या शेपटीने वाळू झाडली आणि वर तिच्या तोंडाकडे बघितलं, की वाढ.

शालन तिथेच बसली. पाण्याच्या कडेने एक धावकी पळाली, थांबली, परत पळाली. तिची अंडी गेली होती आणि छाती अजून वाटी कोरत होती. शालनला रडू आलं नाही. रडू येण्याइतकं तिला स्वतःविषयी वाईट वाटत नव्हतं. राग येत होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. निमिषाला सांगितलं तर पोरगी आधी रडेल, मग टिपून घेईल: अशिक्षित बाईने अंधश्रद्धेपोटी. उद्या चावडीवर नियम लागेल की राखण बंद. गावात तोंड दाखवायचं ते बाबी तांडेलाची लेक म्हणून. सतरा घरटी तिच्या हातून गेली हे त्या तोंडाने कसं सांगायचं? आणि खोल खोल, सर्वांच्या तळाशी, ती जुनी भीती: बोललं की राखण उतरते. उरली आहेत त्या चोवीस घरट्यांवरून उतरते.

शनिवार गेला, रविवार गेला. चावडीवर तंबूवाल्यांशी कडाक्याचं भांडण झालं. शालनने दोन्ही बाजू ऐकल्या आणि घरी येऊन सुकट पालथी केली.

सोमवारी नऊ वाजता जाळीची गाडी आवाज न करता उतारावरून आली. बॅटरीवरची, नवी कोरी, बाजूला हसऱ्या कुत्र्याचं चित्र. आणि तारवेळच्या बायका रस्त्यात बसलेल्या होत्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. प्रत्येकीच्या मांडीवर एक कुत्रा होता. ज्यांनी जन्मात कुत्र्याला अंगणात घेतलं नव्हतं त्यांच्याही मांडीवर होता. सगळ्यांच्या पुढे शालन, आणि तिच्या मांडीत न मावणारा सुकाणू, चारी पाय बाहेर काढून, जन्मात एवढा मान न मिळाल्यासारखा.

"ताई, बाजूला व्हा," बिडवे म्हणाले. "सरकारी कामात अडथळा येतोय."

"अडथळो खंय? आमी बसलंव," शालन म्हणाली. "पास नसलेल्यांनी बसूक नये असो नियम आसा काय?"

"हे कुत्रे भटके आहेत."

"माझ्या मांडयेर आसा तो भटको कसो?"

मागून एक बाई म्हणाली की साहेबांना मांडी मोजायला पट्टी द्या कोणीतरी. आबा गिरप काठी टेकत येऊन बायकांच्या रांगेत टोकाला बसला. त्याला कुत्रा उरला नव्हता. मांडीवर त्याने शेजारणीची मांजर घेतली होती, आणि ती त्याला ओरबाडत होती. गाडीचा पोरगेला चालक हसला आणि बिडव्यांनी बघताच थांबला.

पाऊण तास गेला. ऊन चढलं. बिडव्यांनी दोनदा फोन केला, दोनदा रुमालाने मान पुसली. शेवटी ते निमिषाकडे वळले. ती रांगेच्या कडेला उभी होती, ना इकडची ना तिकडची. त्यांनी एक कागद काढला आणि आवाज खाली आणून म्हणाले, की एक मार्ग आहे. पेरणीचं द्रव्य सदोष होतं असं मॅडमनी लिहून द्यावं. मग निष्कर्ष बदलतो. दोष कुत्र्यांकडे राहत नाही, कुत्रे राहतात. पेरणी मात्र बंद होईल. इथली, आणि अठरा गावांतलीही.

रांगेतून सुटकेचा एक श्वास गेला. कोणी म्हणालं, कर गो बाय सही, तुका दुसरी नोकरी मिळात. कोणी म्हणालं, देव तुझा भला करो. निमिषाने कागद घेतला. खिशातून पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं. तिचा चेहरा स्वतःच्या मुलाला दत्तक देणाऱ्या बाईसारखा झाला होता. औषधात खोट नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी ती कुत्र्यांसाठी खोटं लिहायला निघाली होती.

शालनने बघितलं आणि हिशेब एका क्षणात मांडला गेला. सही झाली तर कुत्रे राहतील, शिकलेली नाकं घेऊन. पेरणी थांबेल. मग त्या नाकांना विसरायला लावणारं काहीच उरणार नाही. चोवीस घरटी या हंगामात जातील, पुढल्या हंगामात पुळण नुसती वाळू असेल. आणि सही नाही झाली तर सुकाणू त्या हसऱ्या चित्रामागे जाईल.

ती उठली. सुकाणू मांडीवरून घसरला आणि तिच्या पायाशी बसला.

"थांब गो निमिषा. तां पेन ठेव."

"काकी, असू दे. मी विचार केलाय."

"तू केलंस. माझो ऱ्हवलो हा." ती बिडव्यांकडे वळली. बोलताना तिचा आवाज हलला नाही, कारण रागाला शेवटी ठेवायची जागा सापडली होती. "साहेब, ह्या पोरीच्या औषधात खोट नाय. तुमचो संगणक म्हणता कुत्रे शिकणत नाय. अरे, शिकले ना! शिकवल्याहून ज्यास्त शिकले. शिकले म्हणान तर घात झालो. जे शिकले ते विसरतले पण. कुत्रो एकव जावचो नाय आणि कुर्ली पण खंय जावची नाय."

बिडवे कंटाळले होते. "ताई, कागदावर दोष कोणाचा तरी लागतो. द्रव्याचा नाही, कुत्र्यांचा नाही. मग कोणाचा लिहू?"

आबा गिरपाने मान वर केली. निमिषाच्या हातातलं पेन हळूहळू खाली आलं. बुधवारचं कोडं तिच्या डोळ्यांत सुटत चाललं होतं, आणि तिने घाईने मान हलवली, की काकी, नको.

शालनने पदर कमरेला खोचला.

"लिवा," ती म्हणाली. "शालन मेतर. बाबी तांडेलाची चेडू. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत दर बुधवारी तिन्हीसांजेक कुर्लीच्या थेंबार भात आणि अंडां ठेवलंय, राखण म्हणान ठेवलंय, आणि मागे वळान बघूक नाय. कुत्र्यांक अंड्याची चव मी लावलंय."